विजया तेल आणि रक्तदाब : काही महिन्यांच्या वापरानंतर

विजया तेलाच्या, म्हणजे भांगेच्या झाडाच्या अर्कापासून बनवलेल्या तेलाच्या, पहिल्या बाटलीच्या ड्रॉपरवर पाव, अर्धा आणि एक मिलिलिटरच्या खुणा होत्या. नव्या बाटलीच्या ड्रॉपरची काच कोरी, रबरी टोपी सैल आणि गळ्यावरून ओघळलेल्या तेलाने लेबल चिकट झालेले. ग्राहकसेवेला कळवले, तर ‘अंदाजे दहा थेंब घ्या’ असे उत्तर आले. ज्या मालाची किंमत मिलिग्रॅमवर ठरते, तो अंदाजाने घ्यावा, हे मला पटत नाही. ड्रॉपर बदलून मिळाला नाही. शेवटी औषधाच्या दुकानातून बिनसुईची सिरिंज आणली.

तेल वैद्यांच्या चिठ्ठीवर झोपेसाठी सुरू केले होते. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन ही गोळी आधीपासून चालू होती. सुरुवातीला घरच्या यंत्रावर वरचा आकडा उतरलेला दिसला आणि माझे मत फारच अनुकूल झाले. ते आता तसे राहिलेले नाही, कारण सिरिंजमुळे मात्रेचा नेमका हिशेब मांडता आला.

नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या २०१७ मधील अभ्यासात नऊ निरोगी पुरुषांना कॅनाबिडिऑल या भांगेच्या झाडातील घटकाची ६०० मिलिग्रॅमची एकच मात्रा दिल्यावर वरचा रक्तदाब सरासरी ६ अंकांनी उतरला. मात्र पुढे तीच मात्रा सात दिवस दिली, तेव्हा विश्रांतीच्या वेळच्या रक्तदाबावरील परिणाम टिकला नाही. क्रोएशियातील चाचणीत रक्तदाबाच्या रुग्णांना रोज २२५ ते ३०० मिलिग्रॅम दिल्यावर अडीच आठवड्यांत वरचा आकडा सुमारे ५ अंकांनी उतरला, पण तेथे शरीरात अधिक शोषले जाईल असे खास बनवलेले औषध होते. माझ्या ३० मिलिलिटरच्या बाटलीत १५०० मिलिग्रॅम विजया अर्क आहे. तो सगळा कॅनाबिडिऑलच आहे असे धरले, तरी रोज ३०० मिलिग्रॅमने बाटली पाच दिवसांत रिकामी होईल. मी रात्री अर्धा मिलिलिटर, म्हणजे फार तर २५ मिलिग्रॅम घेतो.

मग आकडा उतरला कशाने? त्याच सुमारास पापड-लोणचे बंद झाले होते आणि झोपही सुधारली होती. डॉक्टरांनी आणखी एक शक्यता सांगितली : यकृतातील ज्या एन्झाइममुळे अ‍ॅम्लोडिपिनचे विघटन होते, त्याला कॅनाबिडिऑल अडथळा करू शकते, त्यामुळे मोठ्या मात्रेत गोळीचाच प्रभाव वाढू शकतो. माझी मात्रा त्या मानाने किरकोळ असली, तरी घोट्यांवरची सूज आणि उभे राहताना येणारी चक्कर यांकडे लक्ष ठेवण्यास त्यांनी बजावले आहे.

झोपेसाठी तेल चांगले आहे, हे मान्य करतो. रक्तदाबासाठी मात्र एका बाटलीच्या पैशांत अ‍ॅम्लोडिपिनच्या कित्येक महिन्यांच्या गोळ्या येतात, म्हणून पुढची बाटली मागवणार नाही.