पॅराशूट कापडावरचं भित्तिचित्र : व्यसनमुक्तीच्या गटासाठी एक पारख

व्यसनातून बाहेर पडणाऱ्या माणसांना सोबत घेऊन मोठं भित्तिचित्र करायचं असेल, तर सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवावी लागते: रंग थेट भिंतीवर लावायचा, की आधी कापडावर रंगवून ते कापड नंतर भिंतीला चिकटवायचं. इथे पारख केली आहे ती कापडाच्या पद्धतीची. हे कापड म्हणजे न विणलेलं पातळ पॉलिएस्टर. पॉलिटॅब या नावाने ते मिळतं आणि भित्तिचित्रकार त्याला सर्रास पॅराशूट कापड म्हणतात. अशा गटांसाठी आमची पसंती या कापडालाच आहे. मात्र निष्काळजीपणे वापरलं तर ही पद्धत सहभागी माणसांना नुसते रंग भरणारे हात करून टाकते. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

पहिला फायदा उंचीचा. बरं होण्याच्या काळात बरेच जण औषधांवर असतात. मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन (हेरॉइनसारख्या अफूवर्गीय नशेवरची औषधं) किंवा चिंता कमी करणाऱ्या काही गोळ्यांनी गुंगी येऊ शकते. दारू सुटल्यावर सुरुवातीचे काही दिवस हात थरथरतात आणि काहींना आकडी येण्याचाही धोका असतो. अशा माणसाला परांचीवर चढवणं चुकीचं, आणि बाकीचे वर चढलेले असताना त्याला एकट्याला खाली बसवून ठेवणं त्याहून वाईट. कापड टेबलावर अंथरलं की सगळे एकाच पातळीवर येतात. खुर्चीत बसून, उभ्याने, पाहिजे तेव्हा थांबून काम करता येतं.

दुसरा फायदा हजेरीचा. या गटांत गैरहजेरी गृहीतच धरावी लागते. कुणाची कोर्टाची तारीख असते, कुणाचं औषध बदललेलं असतं, कुणी पुन्हा व्यसनाकडे वळून पुन्हा परत येतो. भिंतीवर एकाचं काम अडलं की शेजारच्याचंही अडतं. कापडाचे चौकोन सुटे असल्याने एक चौकोन दोन आठवडे गुंडाळून ठेवला तरी बाकी काम चालू राहतं, आणि माणूस परत आला की त्याचा चौकोन त्याची वाट पाहत असतो. घसरलेल्या माणसाचा चौकोन दुसऱ्याला देऊन टाकू नये, हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगावा.

ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रुजली ती अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात. तिथे 1984 मध्ये भिंती विद्रूप करणाऱ्या लिखाणाला आळा घालण्यासाठी शहराने एक उपक्रम सुरू केला आणि त्यातलं भित्तिचित्रांचं काम जेन गोल्डन यांच्याकडे आलं. त्यातूनच आजची म्युरल आर्ट्स फिलाडेल्फिया ही संस्था उभी राहिली. शहराच्या मानसिक आरोग्य विभागासोबत तिने चालवलेला पोर्च लाइट हा कार्यक्रम मानसिक आजार आणि व्यसन यांतून सावरणाऱ्यांसाठी आहे. येल विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने त्याचं मूल्यमापन केलं आणि 2015 मध्ये अहवाल दिला. परिसरातल्या लोकांचा एकमेकांवरचा विश्वास वाढणं आणि आजाराबद्दलचा कलंकभाव कमी होणं, या दिशेचे निष्कर्ष त्यात आहेत. म्हणून या कामाकडून काय मागायचं, हे नीट समजून घ्यावं. भित्तिचित्र उपचाराची जागा घेत नाही. समुपदेशन, औषधं आणि मदतगट चालू असताना त्यांच्या जोडीला ते उत्तम चालतं. ‘चित्र काढा आणि व्यसन सोडा’ असं सांगणारा कार्यक्रम दिसला तर त्यापासून लांब राहावं.

आता सामान आणि मोजमाप. सहा मीटर लांब आणि तीन मीटर उंच भिंत धरा. दीड मीटर बाजूचे आठ चौकोन त्यावर बसतात. प्रत्येक चौकोन चारही बाजूंनी तीन सेंटिमीटर जास्तीचा कापावा आणि चित्रही त्या वाढीव पट्टीपर्यंत रंगवावं, कारण प्रायमर आणि रंग वाळताना कापड किंचित आकसतं. काठाला काठ भिडवून लावायच्या हिशोबाने नेमकं कापलं तर सांध्यात पांढरी रेघ दिसते. एका चौकोनाभोवती चार माणसं आरामात बसतात. आठ-दहा जणांमागे एक चित्रकार आणि त्याच्या जोडीला एक समुपदेशक किंवा स्वतः व्यसनातून सावरलेला कार्यकर्ता असावा. सत्र दीड तासाचं, मध्ये पंधरा मिनिटांची सुट्टी. त्याहून लांबलं की लक्ष तुटतं, आणि चिडचिड रंगापेक्षा माणसांवर निघते.

कापडाखाली प्लास्टिकचा कागद हवाच. वर्तमानपत्र अंथरलं तर रंग कापडातून झिरपतो, कागद मागे कायमचा चिकटतो आणि भिंतीवर लावताना तिथेच पकड सुटते. आधी ॲक्रिलिक प्रायमरचे दोन पातळ हात द्यावेत. मग प्रोजेक्टरने रेखाटन उतरवावं. प्रोजेक्टर एकदा बसवला की हलवायचा नाही, आणि प्रत्येक चौकोनाच्या काठावर शेजारच्या चौकोनाशी जुळणाऱ्या खुणा करायच्या. रेघा आणि कुठल्या कप्प्यात कुठला रंग भरायचा ते सांगणारे आकडे फिकट रंगीत पेन्सिलने लिहावेत. स्केचपेन किंवा मार्करची शाई वरच्या रंगातून वर येते, आणि साध्या पेन्सिलीचा काळपटपणा पिवळ्याखाली झाकला जात नाही. कुठलाही कप्पा दोन सेंटिमीटरपेक्षा अरुंद ठेवू नये. थरथरत्या हाताला त्याहून बारीक जागा भरायला दिली, तर पहिल्याच सत्रात तो माणूस ‘मला जमत नाही’ म्हणून ब्रश खाली ठेवतो. एक इंची आणि अर्धा इंची चपटे ब्रश, सोबत थोडे गोल ब्रश, एवढ्यावर भागतं.

वीस ते चोवीस रंग पुरतात. प्रत्येक रंग एकाच वेळी पूर्ण चित्रासाठी मिसळावा, वर पाचवा हिस्सा जास्त धरावा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. झाकणावर आकडा लिहावा आणि त्याच रंगाचा ठिपका लावावा. ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतं, त्यामुळे ओला रंग पाहून नंतर नवा रंग जुळवायला गेलं की दोन चौकोनांतलं आभाळ दोन तऱ्हेचं होतं. ही तक्रार सगळ्यात जास्त दिसते आणि ती टाळणं सगळ्यात सोपं आहे. रंगद्रव्यं प्रकाशाला टिकणारी घ्यावीत. मातकट लाल-पिवळे आयर्न ऑक्साइड, थॅलो निळा आणि थॅलो हिरवा हे भरवशाचे. स्वस्त गुलाबी आणि फ्लुरोसंट रंग उन्हात लवकर उडतात.

व्यसनमुक्तीच्या गटासाठी एक नियम बाकी सगळ्यांच्या वर ठेवावा: खोलीत कुठलंही सॉल्व्हंट नको. थिनर, टर्पेंटाइन, स्प्रेचे डबे, उग्र वासाचे गोंद, स्पिरिटचे मार्कर, काहीच नको. यांतल्या अनेक वस्तू हुंगून नशा केली जाते. ज्याने ती कधी केली नाही, त्यालाही स्पिरिटच्या वासाने दारूची ओढ येऊ शकते. हात पुसायला साबण-पाणी ठेवावं, अल्कोहोलचं सॅनिटायझर नको. सॉल्व्हंटवर आधारलेलं वॉर्निश जास्त टिकतं हे खरं, पण तेवढ्यासाठी हा नियम मोडू नये. पाण्यावर आधारलेलं, अतिनील किरण अडवणारं वॉर्निश दोन हात द्यावं. कटर मोजून द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे. काम संपल्याचा आनंद साजरा करतानाही दारू नको. पाहुण्यांना हे आधी कळवावं, नाहीतर कुणीतरी हौसेने बाटली घेऊन येतं.

रंगवलेले चौकोन ठेवताना घाई नडते. वाळलेलं ॲक्रिलिकही दाबाखाली एकमेकांना चिकटतं. रंगाला रंग टेकवून रचले तर सोडवताना चित्राचे पापुद्रे निघतात. प्रत्येक थरामध्ये स्वच्छ प्लास्टिक घालावं आणि रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर सैल गुंडाळावं.

मग भिंत. कापड कितीही चांगलं असलं तरी ते खालच्या थराइतकंच टिकतं. जुन्या रंगावर ब्लेडने चौकटी मारून चिकटपट्टी घट्ट लावावी आणि झटक्यात ओढावी. पोपडे आले तर तो रंग खरवडून काढायचा, पर्याय नाही. ओल तपासायला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी भिंतीला चिकटवून एक दिवस ठेवावा. आत दव दिसलं तर काम पुढे ढकलावं आणि पाणी कुठून येतंय ते आधी शोधावं. लोणा लागलेल्या भिंतीवर तर हे कापड लावूच नये, क्षार मागून ढकलत राहतात. नव्या गिलाव्याला निदान चार आठवडे द्यावेत.

चिकटवायला घट्ट ॲक्रिलिक जेल वापरतात. ते भिंतीलाही लावायचं आणि कापडाच्या पाठीलाही. किती लागेल ते भिंतीच्या खरखरीतपणावर ठरतं, म्हणून एक चाचणी चौकोन लावावा, डबा आधी आणि नंतर तोलावा आणि त्यावरून पुढचा हिशोब करावा. कापड वरून खाली लावत यावं आणि रबरी पट्टीने मधून काठाकडे दाबत हवा बाहेर काढावी. हवेचा फुगा राहिला तर तो उन्हात फुगतो. बारीक चीर देऊन आत जेल भरलं आणि दाबलं की बसतो. तापलेल्या भिंतीवर जेल दाबण्याआधीच साय धरतं, म्हणून भिंत सावलीत असतानाच काम करावं. तापमान दहा अंशांखाली असेल किंवा पाऊस येणार असेल तर थांबावं. जेल दुधाळ असतं, वाळल्यावर पारदर्शक होतं. कापडाखाली ते दिसत नाही, म्हणून पहिले दोन दिवस तरी पाण्यापासून जपावं. दोन चौकोनांच्या सांध्यावर पट्टी धरून दोन्ही थर एकदम कापावेत आणि जास्तीच्या पट्ट्या काढून काठ पुन्हा जेलने बसवावेत. वरचा काठ सर्वांत कच्चा, पाणी तिथूनच मागे शिरतं. त्यावर जेलचा वेगळा हात द्यायलाच हवा.

आता त्या दोषाकडे. रेघा आखलेल्या, आकडे टाकलेले, डबे तयार: हे सगळं इतकं सोयीचं होतं, की चित्रकार घरून चित्र आणतो आणि गट ते भरून देतो. भिंत सुंदर दिसते, पण ज्यांच्या नावाने ती झाली त्यांचं त्यात काहीच नसतं. ज्याच्या आयुष्याचे निर्णय बरीच वर्षं घरचे, पोलीस आणि डॉक्टर घेत आलेत, त्याला इथेही तयार चित्र देणं आम्हाला मान्य नाही. रंगाआधी चार ते सहा सत्रं केवळ बोलण्याची आणि कच्च्या रेखाटनांची हवीत. भिंतीच्या समोर राहणारे लोकही त्यांतल्या निदान दोन सत्रांना असावेत. आठांपैकी एक-दोन चौकोन आकड्यांशिवाय मोकळे सोडावेत, आणि गट ठरवेल ते त्यावर यावं. बाटली, सुई, धूर, पावडर यांची चित्रं सहसा गटातलेच लोक नाकारतात. आग्रह धरतो तो बाहेरचा, त्याला ‘प्रभावी’ चित्र हवं असतं. ओळखू येणारा चेहरा आणि नाव यांची परवानगी लेखी घ्यावी, आणि रंग चढण्यापूर्वी ती मागे घेण्याची मुभा ठेवावी. नोकरीच्या शोधात असलेल्या माणसाला चौकातल्या भिंतीवरची आपली ओळख पुढे नकोशी होऊ शकते.

भिंतीवर लावण्याच्या दिवशीही गटाला घरी पाठवू नये. उंचीवरचं काम प्रशिक्षित माणसांनी करावं, पण जमिनीवरून हात पोचतो त्या खालच्या रांगेचे चौकोन ज्यांनी रंगवले त्यांनीच दाबून बसवावेत.

दुसरे पर्याय थोडक्यात. सुती कॅनव्हास जड पडतो आणि ओलीत कुजतो. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर रंगवलेलं चित्र काढून दुसरीकडे नेता येतं, पण पट्ट्या ठोकायला कारागीर लागतात आणि गटाचा हात त्यातून सुटतो. थेट भिंत स्वस्त, आणि छातीएवढ्या उंचीपर्यंतच चित्र असेल तर तीच घ्यावी.

उरलेले रंग फेकू नयेत. आकड्यांचे डबे, रंगांचा तक्ता आणि कापडाचा दोन मीटरचा तुकडा केंद्रात ठेवावा. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, वरचा काठ आणि सांधे बोटाने दाबून पाहावेत. सुटलेलं दिसलं की लगेच जेल भरावं, आणि ती दुरुस्ती त्या वेळी केंद्रात असलेल्या नव्या गटाकडे द्यावी.