संपवली तेव्हाचे गुण आणि आठ महिन्यांनंतरचे

कादंबरी संपली की त्याच रात्री वहीत पाचपैकी गुण टाकायची मला जुनी खोड आहे. गेल्या नोव्हेंबरात ठरवलं, पावसाळ्यापर्यंत फक्त आजच्या लेखकांच्या मराठी कादंबऱ्या वाचायच्या. वाचायची जागा म्हणजे मेट्रो, आनंदनगर ते रामवाडी. जाताना उभ्याने, येताना नशिबात असेल तर बसून. परवा वही उघडली आणि स्वतःच दिलेले गुण वाचून चक्रावले. ज्यांना पाच दिले होते त्यातल्या एकीतलं आता पात्राचं नावसुद्धा आठवेना. तीन देऊन बाजूला सारलेली मात्र रोज उठून समोर येते.

ती तीनवाली म्हणजे कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला म्हणून उत्साहाने आणली. धरणात गाव गेलेली माणसं, मागे सुटलेली जनावरं आणि त्यांच्यासाठी जुन्या गावाकडे परतणारा माणूस. सगळं पन्हाळ्याकडच्या बोलीत. माझा जन्म सदाशिव पेठेतला, आता संसार कोथरूडात. म्हशीशी संबंध दुधाच्या पिशवीपुरता. पहिल्या आठवड्यात नळ स्टॉप ते शिवाजीनगर कोर्ट एवढ्या टप्प्यात दीड पान व्हायचं.

वाचवलं ते आधीच्या वाचकाने. लायब्ररीच्या त्या प्रतीत कुणीतरी समासात बारीक शिसपेनने अर्थ लिहून ठेवले होते. ‘दावण – जनावरं बांधायची जागा’, ‘रेडकू – म्हशीचं पिल्लू’. अक्षर वळणदार, बहुधा निवृत्त शिक्षकाचं. एरवी पुस्तकात लिहिणाऱ्यांना मी मनातल्या मनात शिव्या घालते, पण या माणसाला चहा पाजायला हवा. चाळिसेक पानांनंतर शिसपेन थांबली. कंटाळून पुस्तक परत केलं की अर्थ लिहायची गरजच उरली नाही? माझी गरज तिथेच कुठेतरी संपली, म्हणून दुसरी शक्यता खरी मानते.

तरीही संपवल्यावर लिहिलं होतं, ‘संथ. मधे रेंगाळते. ३.’ जुलैत पेपरात नेहमीची चौकट आली. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चारही धरणांतला साठा, एकूण क्षमता २९.१५ टीएमसी. दरवर्षी हा आकडा मी पगाराच्या मेसेजसारखा बघते. वाढला की बरं वाटतं, पाणीकपात टळली. यंदा चौकट वाचताना पहिल्यांदा डोक्यात आलं, या पाण्याखालीही कुणाची तरी दावण असेल. पानशेत म्हटलं की पुणेकराला १९६१ चा पूर आठवतो, आपलं काय काय वाहून गेलं ते आठवतं. धरण बांधताना कोण उठलं हे आमच्या घरात कधी कुणी बोललेलं आठवत नाही. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ कॉलेजात असताना वाचली होती, तिथे अन्याय समोर मांडलेला होता, राग यायचा आणि मोकळं व्हायला व्हायचं. इथे राग काढायला कुणी समोर नाही, फक्त माणूस आणि जनावर एकमेकांना ओळखतात की नाही एवढाच प्रश्न. ज्याला मी रेंगाळणं म्हटलं तोच तिचा वेग आहे. जनावर शोधणारा माणूस पळत नाही.

देविदास सौदागर यांची ‘उसवण’ छोटीशी आहे, चार दिवसांच्या जाण्यायेण्यात झाली. रेडिमेड कपड्यांनी ज्याचं काम ओढून नेलं अशा शिंप्याची गोष्ट, आणि लिहिणारा तुळजापूरचा, स्वतः शिवणकाम केलेला. २०२४ चा युवा पुरस्कार तिला मिळाला. तेव्हा चार दिले होते, एक कापला कारण काही ठिकाणी लेखक पात्राच्या तोंडून आपणच बोलतो असं वाटलं. हे मत अजून बदललेलं नाही. पण मे महिन्यात मुलाच्या पँटची उंची कमी करायला गल्लीतल्या शिंप्याकडे गेले. पाटीवर ‘शर्ट, पँट, सफारी शिवून मिळेल’. काका ब्लेडने टाके उसवत होते, एकेक, कापडाला धक्का न लावता. सहज विचारलं, नवीन शिवता ना अजून? त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “ताई, कापड कोण आणतंय आता? चेन बदला, अर्धा इंच आत घ्या, एवढंच.” मागे मापाच्या वह्यांचा गठ्ठा सुतळीने बांधून ठेवलेला होता. शिवायला बसलेला माणूस दिवसभर उसवतो, हे कादंबरीच्या नावात होतं, मला दिसलं गल्लीत. कापलेला गुण परत दिला.

रंगनाथ पठारे यांचं ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (२०१९) मेट्रोत नेण्याच्या भानगडीत पडू नका. आठशेच्या आसपास पानं आहेत, उभ्याने धरलं तर मनगट भरून येतं. मी रात्री मांडीवर उशी घेऊन वाचायचे. यादवांच्या काळापासून आजपर्यंत एका कुळाचा प्रवास. मधले काही भाग वाचताना इतिहासाच्या तासाला मागच्या बाकावर बसल्यासारखं झालं, ते तेव्हाही झालं आणि आता आठवूनही होतं. पण खरा वाचक सासरे निघाले. मी ऑफिसला गेले की पुस्तक त्यांच्याकडे. तिसऱ्या आठवड्यात माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली. “अगं, आपले मूळचे कुठले ते बघायला हवं. आजोबा नेहमी वेगळंच गाव सांगायचे.” वंशावळीचा कागद मिळाला, चौथ्या पिढीनंतर वाळवीने खाल्लेला. त्या दिवसापासून ते दर रविवारी नात्यातल्या कुणाला तरी फोन लावतात. कादंबरीला साडेतीन दिले होते. घरात तिने जे घडवून आणलं त्याला कुठल्या रकान्यात गुण द्यायचे कळत नाही.

प्रवीण बांदेकर यांच्या ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ला (अकादमी, २०२२) दिलेले चार कायम ठेवते. कळसूत्री बाहुल्या, त्यांचे दोरे आणि ते दोरे कुणाच्या हातात, हे रूपक पहिल्या शंभर पानांत कळतं. त्यानंतर ते आणखी समजावलं नसतं तरी चाललं असतं.

प्रणव सखदेव यांची ‘काळेकरडे स्ट्रोक्स’ एका शनिवार-रविवारात संपवली आणि पाच देऊन टाकले. शहरातल्या पोराची भाषा, मध्येच हिंदी, मध्येच इंग्रजी, कानाला अगदी ओळखीची. लायब्ररीच्या प्रतीची शेवटची काही पानं गळालेली होती. काउंटरवर सांगितलं तर उत्तर मिळालं, “वाचा तसंच, अर्थ लागतो.” मग विकत घेतली. आज मागे वळून बघते तर तिचा सूर आठवतो, घटना पुसट झाल्यात. साडेतीन म्हणते. बहुतेक दोष माझा, विशीतच वाचायला हवी होती.

पाच मिळवून नावानिशी विसरले ती वेगळीच, तिचं नाव लिहीत नाही. वाचताना डोळ्यांत पाणी आलं होतं, असं वहीत लिहिलंय. कशामुळे, ते लिहिलेलं नाही.

गेल्या शनिवारी अप्पा बळवंत चौकात जाऊन ‘रिंगाण’ची स्वतःची प्रत आणली. दुकानदाराने नेहमीप्रमाणे न मागता सूट दिली आणि पिशवी मात्र मागूनही दिली नाही. सोमवारी मेट्रोत पुन्हा पहिल्यापासून काढली. कोरी पानं, समासात काहीच नाही. डेक्कनला गाडी नदीपात्रावर आली तेव्हा एका शब्दावर अडले. पर्समध्ये शिसपेन शोधली. सापडलं ते लिपस्टिक.