ब्रेक पाईप बदलल्याचे साडेबावीस हजार घेतले, बदललं काहीच नाही

पावसाळ्याच्या तोंडावर गॅरेजांवर ‘अंडरबॉडी अँटी-रस्ट फक्त २,४९९’ असले बोर्ड लागतात, म्हणजे गाडीच्या तळाला गंज लागू नये म्हणून मारायचं कोटिंग. पुढचा खेळ सगळ्यांना पाठ आहे. गाडी लिफ्टवर चढते, पोरगा मोबाईलवर फोटो दाखवतो, आकडा फुगतो. मलाही पाठ होता. पण फोटो खोटा नव्हता हो! २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीकडे पाणी शिरलं, तेव्हा आमची गाडी चाकं बुडेपर्यंत पाण्यात होती. मागच्या चाकाशी ब्रेक पाईपचा नट गंजून फुगलेला मी स्वतः पाहिला. वर तो म्हणतो, "काका, कात्रज घाटात ब्रेक लागला नाही तर?" यावर कुठला माणूस घासाघीस करेल?

कोटिंग २,४९९, ‘कॉपर-निकलचे’ चार पाईप १४,८००, नट १,२४०, ब्रेक ऑईल ७८०, मजुरी ३,२००. बेरीज २२,५१९. वरचे १९ रुपये सोडले, केवढे उपकार! पैसे यूपीआयने कुणाच्या तरी खासगी नंबरवर, आणि बिल म्हणून एक कच्चा कागद.

गाडी घेताना बॉनेट उघडलं होतं मी. ब्रेक ऑईलची बाटली तशीच काळपट, चहाच्या गाळासारखी. पाईप सोडले की जुनं ऑईल सांडतं, नवं भरावं लागतं, पेडल मारून एअर काढावी लागते. चार पाईप बदलल्यावर ऑईल जुनं राहीलच कसं? विचारलं, तर "सिस्टिममधलं मिक्स होतं, काका." बँकेत तीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासले, आणि इथे मान डोलावली. पण लिफ्टखाली उभं राहू देत नाहीत, सेफ्टी म्हणे. मग बघणार काय आणि कधी?

पुढे मागचं व्हील सिलिंडर (ऑईलच्या दाबाने चाकाचा ब्रेक लावणारा भाग) गळायला लागलं, म्हणून नाना पेठेतल्या ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने पाना लावला आणि निपल, म्हणजे ब्रेकमधली एअर काढायचा छोटा स्क्रू, तुटलं. वर डांबरासारखा काळा थर, आत गंज. थर खरवडला तर खाली तेच जुने पाईप. चुंबक लावलं, टक्कन चिकटलं. कॉपर-निकलला चुंबक चिकटत नाही. खिशात चुंबक ठेवा, वीस रुपयांचं काम आहे.

वर नुकसान वेगळंच. ओल्या चिखलावर कोटिंग मारलं की ओल आत कोंडते आणि गंज आतून खातो. नट, निपल, रबरी होज (चाकाजवळची लवचिक ब्रेक नळी) यांवर फवारा मारू देऊ नका. तेलकट स्प्रे किंवा ग्रीसही होजला लागता कामा नये, रबर फुगतं. खरा उपाय स्वस्त आहे: पावसाळा संपला की पाईप धरणाऱ्या क्लिपांमागचा चिखल धुवायचा, कोरडं करून नटावरचा सुटा गंज ब्रशने काढायचा, मेणाचा गंजरोधक लावायचा, निपलवर रबरी टोपी आहे ना ते बघायचं. ब्रेक ऑईल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं आणि गंज तिथेच धरतो. पाईपच खड्डे पडून गंजला असेल तर मात्र बदलाच, लेप लावून वेळ काढू नका.

चौकीत गेलो. "हे सिव्हिल मॅटर, काका." ब्रेकचे पैसे घेऊन ब्रेक न बदलणं सिव्हिल? उद्या घाटात कुणी मेलं की मग क्रिमिनल होणार का? अर्ज घेतला, पोच देईनात. पोच मागितली तर साहेब बंदोबस्ताला. तिथून दुसऱ्या कार्यालयात धाडलं. तिथे जेवणाची सुट्टी, मग "पक्कं बिल आणा." अहो, पक्कं बिल दिलं असतं तर तो ठग कसला! खिडकीवरच्या बाईंनी वर ऐकवलं, "एवढे पैसे देताना विचारायचं नाही का?" म्हणजे चोर मोकळा आणि उलटतपासणी माझी.

जुने पाईप डिकीत टाकून मागा. देत नसेल तर पैसे देऊ नका. यूपीआयची पावती, कच्चा कागद, फोटो काहीही फेकू नका. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. मी तिथेच तक्रार टाकली आहे. २२,५०० आणि खरे पाईप, निपल, सिलिंडर यांचे नंतर गेलेले ९,३५०, दोन्ही मागितलेत.