कोकोपीटची पाच किलोची वीट: विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात फुलझाडांना कितपत साथ देते?

अकोला, नागपूर, चंद्रपूर, परभणी या भागात एप्रिल-मेमध्ये गच्चीवर फुलझाडं जगवायची तर ४४-४५ अंशांच्या उन्हाशी गाठ असतेच, पण त्याहून जास्त त्रास देते ती कुंडीत भरलेली काळी माती. शेतात ही माती कापसाला, तुरीला उत्तम. कुंडीत मात्र तिची सगळी गणितं उलटी होतात. ओली झाली की फुगून चिकट होते, मुळांना हवा मिळत नाही. वाळली की आक्रसते, कुंडीच्या कडेनं बोटभर फट पडते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जातं. माती आतून कोरडीच राहते. त्यात चुनखडी असली तर सामू (पीएच) ८ च्या वर जातो आणि मोगरा, जास्वंद, गुलाब पिवळे पडायला लागतात.

अशा ठिकाणी कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या दाबलेल्या भुशाची, वीट खरंच उपयोगी आहे. आमच्या मते ५ पैकी ४ गुण. एक गुण कापला तो बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच विटा न धुतलेल्या असतात आणि पाकिटावर ते लिहिलेलं नसतं म्हणून.

आधी खरेदीचं बोलू. ६५० ग्रॅमची छोटी वीट भिजून ८-९ लिटर होते, पाच किलोची मोठी वीट ६० ते ७० लिटर. किलोमागचा भाव पाहिला तर छोटी वीट नेहमीच महाग पडते. दोन-तीन रोपांपुरतंच काम असेल तरच ती घ्यावी. पाकिटावर ‘लो ईसी’ किंवा ‘वॉश्ड’ लिहिलंय का ते बघा. ईसी म्हणजे क्षारांचं माप; ते ०.५ (mS/cm) च्या आत असेल तर उत्तम, १ पर्यंत चालवून घेता येतं. नारळाच्या सोडणात पोटॅशियम, सोडियम आणि क्लोराइड मुळातच भरपूर असतं, आणि काही ठिकाणी सोडणं खाडीच्या मचूळ पाण्यात कुजवतात. तेच क्षार विटेतून तुमच्या कुंडीत येतात. रंगावरून फार काही ठरत नाही, पण वीट अगदी पांढुरकी-पिवळी आणि लांब धाग्यांनी भरलेली असेल तर सोडण कोवळं आहे असं समजा. ते लवकर खाली बसतं.

आता भिजवणं. पाच किलोची वीट अख्खी बादलीत मावत नाही. छिन्नीनं किंवा पहारेनं थरांच्या रेषेवर ठोका द्या, सहज चिरते. अर्ध्या विटेला १० ते १२ लिटर पाणी पुरतं. गच्चीच्या टाकीतलं उन्हानं तापलेलं पाणी असेल तर अर्ध्या तासात सगळी सुटते. गाठी हातानं फोडा.

मग धुणं, आणि हे टाळू नका, पाकिटावर काहीही लिहिलेलं असलं तरी. भिजलेलं कोकोपीट गोणपाटात किंवा शेडनेटच्या पिशवीत भरून टांगा, वरून पाणी सोडा. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं गडद निघतं. रंग फिका होईपर्यंत, म्हणजे दोन-तीनदा, धुवा. घरी प्युरिफायरसाठी घेतलेला टीडीएस मीटर असेल तर अंदाजावर राहायची गरज नाही: नळाच्या पाण्याचा आकडा घ्या, निथळून आलेल्या पाण्याचा घ्या. फरक २५० पीपीएमच्या आत आला की झालं.

नुसत्या पाण्यानं सुटे क्षार जातात, पण कोकोपीटला चिकटून बसलेलं सोडियम-पोटॅशियम जात नाही. ते पुढे हळूहळू कॅल्शियमशी अदलाबदल करतं आणि झाडाला मिळायचा कॅल्शियम कोकोपीटच धरून ठेवतं. नवी पानं वेडीवाकडी येतात, कळ्या उमलत नाहीत. यावर उपाय म्हणजे कॅल्शियम नायट्रेट. पाच किलोच्या पूर्ण विटेला १०० ग्रॅम, २० लिटर पाण्यात विरघळवून, रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी एकदा धुवून टाकायचं. कृषी सेवा केंद्रात हे किलोच्या पाकिटात मिळतं. हवेतला ओलावा ओढून त्याचं पाणी होतं, म्हणून उरलेलं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

धुवायला पाणी कुठलं, हा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा. नुसतं जड बोअरचं पाणी चालतं. त्यात कॅल्शियम असतोच. पण अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यात सोडियम जास्त असतं. त्यानं धुतलं तर घाण काढून तीच घाण परत भरल्यासारखं होतं. तिथं नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. आरओ प्युरिफायरमधून वाया जाणारं पाणी झाडांना घालायची सवय खूप घरांत आहे, उन्हाळ्यात ती थांबवा. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी तर त्याहून वाईट: दिवसभर पाणी उडून जातं, क्षार तळाशी साचतात. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र जवळजवळ क्षारविरहित असतं. ते खुशाल वापरा.

नुसत्या कोकोपीटमध्ये फुलझाड लावू नका. त्यात अन्न जवळजवळ नाही, वजन नाही, आणि मेमधल्या वावटळीत पिशवी आडवी होते. १२ बाय १२ इंचांच्या ग्रो-बॅगेत, म्हणजे झाड लावायच्या पिशवीत, साधारण २० लिटर मिश्रण मावतं. त्यासाठी कोकोपीट ६ लिटर, चाळलेली तांबडी माती किंवा पोयटा ६ लिटर, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत ६ लिटर, भाताचं तूस किंवा जाड वाळू २ लिटर आणि निंबोळी पेंड १०० ग्रॅम. तांबडी माती मिळालीच नाही तर काळी माती २ लिटरच्या वर नको; राहिलेली जागा खत आणि वाळूनं भरा. बॅग पांढरी घ्या, काळी प्लास्टिकची कुंडी नको. दुपारच्या उन्हात काळ्या कुंडीच्या भिंतीलगतची मुळं भाजतात. बॅग थेट स्लॅबवर न ठेवता बांधकामाच्या दोन विटांवर ठेवा.

हे प्रमाण सगळ्या झाडांना लागू नाही. मोगरा, जास्वंद, गुलाब, झेंडू यांना वरचं मिश्रण मानवतं. सदाफुली आणि चिनी गुलाबाला कोकोपीट निम्मं करा, वाळू वाढवा. बोगनवेलीला तर घालूच नका: ती पाण्याचा ताण बसल्यावर फुलते आणि कोकोपीट ताण बसू देत नाही. पानं भरपूर येतात, फुलं येत नाहीत, आणि लोक खत वाढवत बसतात. तिला मुरूम-माती आणि थोडं खत पुरे. अडेनियमलाही नको.

मोगऱ्याबद्दल थोडं सविस्तर, कारण तक्रारी याच्याच जास्त. डिसेंबरच्या शेवटी पाणी तोडायचं, जानेवारीत दीड फुटांवर छाटायचं, उरलेली पानं काढायची, मग खत-पाणी सुरू करायचं, ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे. नुसत्या मातीत १०-१५ दिवसांत ताण बसतो. कोकोपीटच्या मिश्रणात तेवढ्या दिवसांत वरचा थर कोरडा दिसतो पण आतलं ओलं असतं. म्हणून दिवस मोजू नका, बॅग उचलून बघा. हलकी लागली आणि पानं मलूल झाली की ताण बसला. मात्र पूर्ण खडखडीत वाळू देऊ नका. वाळलेलं कोकोपीट बॅगेच्या कडेपासून सुटतं आणि मग वरून कितीही घातलं तरी पाणी कडेनं वाहून जातं. तसं झालंच तर बॅग अर्धा तास पाण्याच्या टपात बुडवून ठेवा.

हीच फसगत उलट दिशेनंही होते. वरचा थर फिकट पडला म्हणून रोज दोनदा पाणी, आणि खाली मुळं कुजलेली. दोन इंच बोट खुपसून बघितल्याशिवाय पाणी घालू नका. मेमध्ये २० लिटरच्या बॅगेला सकाळी सातच्या आत दीड-दोन लिटर लागतं. संध्याकाळी बोटाला कोरडं लागलं तरच पुन्हा. पाऊस लागला की हेच कोकोपीट अडचणीचं होतं, चिलटं होतात. तेव्हा बॅगेची खालची भोकं मोकळी आहेत ना ते आधी बघा.

पानं पिवळी पडली तर कुठली, ते बघा. खालची जुनी पानं पिवळी म्हणजे नत्र कमी. मूठभर गांडूळखत आणि आठवड्याला पातळ शेणस्लरी द्या. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह कमी. यावर हिराकस (फेरस सल्फेट) टाकून चुनखडीच्या मातीत फार उपयोग होत नाही, ते लगेच अडकून बसतं. ईडीटीए प्रकारचं चिलेटही (लोह अडकू नये म्हणून बांधून ठेवलेलं खत) सामू ६.५च्या वर टिकत नाही. ईडीडीएचए प्रकारचं चिलेट मागा, काळपट लाल रंगाची पूड असते. १ ग्रॅम १ लिटर पाण्यात, मुळाशी, आणि ऊन उतरल्यावर, कारण प्रकाशात ते विघटतं. पानांच्या कडा करपलेल्या असतील तर ते क्षारांचं काम. बॅगेच्या दुप्पट पाणी सोडून एकदा निथळून घ्या.

दोन-अडीच वर्षांत मिश्रण दोन इंच खाली बसतं आणि घट्ट होतं. तेव्हा वरून भर घालण्यापेक्षा मोगरा-गुलाबाच्या छाटणीच्या वेळी माती बदला. काढलेलं जुनं मिश्रण अंगणातल्या काळ्या मातीच्या वाफ्यात वीतभर खोल मिसळा. तिथं ते माती भुसभुशीत करतं, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच वाफ्यात झेंडू, अबोली लावता येते.