मुलांच्या नायलॉन सुऱ्या: रात्रीच्या स्वयंपाकाला किती कामाच्या?

चार-पाच वर्षांच्या मुलाला स्वयंपाकात घेतलं की ते पहिल्यांदा सुरीच मागतं, आणि घरातली सुरी त्याच्या हातात द्यायला मन धजत नाही. अशा घरांसाठी लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन नायलॉन सुऱ्यांचा संच ऑनलाइन सहज मिळतो, साधारण दोन-चारशे रुपयांत. संच घेण्यासारखा आहे, पण भाजी पारखून दिली तरच. तिन्हींपैकी रोज हातात येते ती मधली. लहान सुरीने काकडी पुरती कापली जात नाही आणि मोठी मुलाला सावरत नाही.

या सुरीला धार नसते, बोथट दाते असतात. नुसती दाबली तर भाजी चेचते, म्हणून करवतीसारखी पुढेमागे चालवावी लागते. सुरुवात बहुतेक जण केळ्यापासून करतात, ते टाळा. केळं दाबूनही कापलं जातं, मुलाला दाबायचीच सवय लागते आणि पुढची प्रत्येक भाजी अडते. पहिला धडा काकडीवर द्यावा. सोलून, उभी चिरून, सपाट बाजू खाली ठेवून द्यायची. अख्खी काकडी लोळते आणि बोट पात्याखाली जातं. भोपळी मिरचीची तुकतुकीत साल वर आली की दाते घसरतात, म्हणून आतली बाजू वर ठेवा. टोमॅटोच्या चार फोडी मोठ्यांनी करून द्याव्यात, पुढे मूल गराच्या बाजूने कापतं. उकडलेला बटाटा पूर्ण निवलेला हवा, गरम असेल तर दात्यांना चिकटून लगदा होतो. फरसबी जमते, पण एका वेळी एकच शेंग. कांदा आणि कच्चं गाजर सोडून द्या. हिरवी मिरची ही सुरी छान कापते, तरीही देऊ नका. बोटांचा तिखटपणा नुसत्या पाण्याने जात नाही आणि तो हात डोळ्याला लागतोच.

भाजी धरायची पद्धत सुरीइतकीच महत्त्वाची. अंगठा एका बाजूला, बाकीची बोटं दुसऱ्या बाजूला, मध्ये कमान आणि सुरी कमानीखालून. बोटं आत मुडपून धरणं या वयात बहुतेकांना जमत नाही, त्यासाठी मागे लागू नये. ‘बोट कापत नाही’ असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी घासून ओरखडा येऊ शकतो, तेव्हा शेजारी बसावंच लागतं.

बसावं म्हणजे खाली जमिनीवरच. मुंबईतल्या घरांत ओटा तीन फुटांच्या जरासा आत असतो आणि पाच वर्षांचं मूल साडेतीन फुटांच्या आसपास. ओटा छातीपर्यंत येतो, कोपर वर उचलून सुरी चालवावी लागते आणि पुरेसा जोर देता येत नाही. स्टुलावर उभं केलं तर उंची साधते, पण छोट्या ओट्यावर शेगडी हाताच्या अंतरावर येते. त्यापेक्षा खाली वर्तमानपत्र पसरा आणि कापायच्या पाटाखाली ओलं फडकं घाला. फडक्याशिवाय पाट सरकतो आणि निम्मे घोटाळे तिथेच होतात.

कामावरून घरी पोचायला आठ वाजतात, तोवर मूल भुकेलेलं असतं. म्हणून त्याचं काम पंधरा मिनिटांत संपेल एवढंच ठेवावं. आधी वरण-भाताचा कुकर चढवा, मग त्याला कोशिंबिरीला बसवा. चौघांना दोन मध्यम काकड्या, अर्धी वाटी दही, तीन चमचे दाण्याचं कूट, चिमूटभर साखर पुरते. काप जाडेबारीक आले तरी कोशिंबिरीत बिघडत नाही, म्हणूनच हा पदार्थ निवडायचा. चोचवलेल्या खमंग काकडीला मात्र ही सुरी बिनकामाची. कूट आणि दही मुलानेच कालवावं. मीठ पानं घेताना घाला, आधी घातलं की पाणी सुटतं. जिरं-हिंगाची फोडणी मोठ्यांनी करायची आणि ती ओतताना मूल दोन पावलं मागे हवं.

स्टीलच्या ताटात कापू देऊ नका. दाते घासून त्यांना कुसं येतात आणि ती अन्नात जातात. कुसं दिसली की सुरी टाकून द्यावी. दात्यांत अडकलेलं जुन्या टूथब्रशने निघतं. हळदीचा पिवळेपणा राहतो, त्याने काही बिघडत नाही. तापलेल्या तव्याला मात्र ही सुरी लावू नका, नायलॉन वितळतं.

सुऱ्यांबरोबर सोलाणं, पाट आणि एप्रन असलेला मोठा संच मिळतो, तो घेऊ नका. सोलाण्याचं पातं खरंखुरं धारदार असतं आणि पाट इतका हलका की ओल्या फडक्यावरही हलतो. त्या पैशांत स्टीलचं नागमोडी कटर घ्या. त्याची मूठ वरून दोन्ही हातांनी धरून सरळ खाली दाबायची असते, त्यामुळे बोटं पात्यापासून लांब राहतात आणि अर्धवट उकडलेलं गाजरही कापलं जातं. धार मात्र असते, वापर झाला की उंचावर ठेवा. पोळ्यांसाठी भुलेश्वर किंवा दादरच्या भांड्यांच्या दुकानांत लहान पोळपाट-लाटणं शोधा, साध्या लाकडाचं. भातुकलीतलं रंगवलेलं नको, रंग कणकेला लागतो.

सुरी घेताना मूठ आणि पातं एकसंध आहे का ते बघा. जोड असेल तर त्या फटीत पीठ आणि दही साचतं, ब्रश तिथे पोचत नाही आणि चार दिवसांत वास मारायला लागतो.