कॉलेज रोडचा रविवारचा इंग्रजी क्लास: ‘टू’चा धडा अर्धाच

नाशिकच्या कॉलेज रोडवर नोकरदारांसाठी रविवारी सकाळी भरणारा हा इंग्रजी क्लास आणि त्याची छापील वही. सगळी वही बघायची तर वेगळं लिहावं लागेल. इथे फक्त ‘क्रियापद, मग माणूस, मग टू’ हा धडा. अंबड-सातपूरचा सुपरवायझर असो की दिंडोरीकडचा द्राक्षं एक्स्पोर्ट करणारा, दोघांचे निम्मे मेल याच साच्यावर चालतात: ‘द बायर वॉन्ट्स अस टू चेंज द बॉक्सेस.’ धडा निवडलाय अगदी बरोबर. शिकवलाय मात्र अर्धाच.

सुरुवातीलाच 40 क्रियापदांची यादी आहे आणि खाली शेरा: पाठ करा. कशाला? ‘त्याला यायला सांग’ म्हणणाऱ्याला ‘टेल हिम टू कम’ परकं नाही. जेवायला बोलावलं, पोहायला शिकवलं, सही करायला भाग पाडलं: इन्व्हाइट, टीच, फोर्स. मराठीत ‘-यला’ आलं की इंग्रजीत बहुधा ‘टू’ येतो. एवढं एक वाक्य फळ्यावर लिहिलं असतं तर अर्धी यादी पाठ करायचे कष्ट वाचले असते.

घोळ होतो तो मराठी फसवते तिथे. ‘बॉसने थांबायला लावलं’ यातही ‘-यला’ आहे, म्हणून लोक बिनदिक्कत ‘मेड मी टू स्टे’ लिहितात. ‘मेक’ला ‘टू’ चालत नाही: ‘मेड मी स्टे’. पण वाक्य उलटवून ‘मला थांबायला लावलं गेलं’ असं केलं की ‘टू’ परत येतो: ‘आय वॉज मेड टू स्टे’. हे दुसरं रूप वहीत नाहीच. ‘लेट’ मात्र सरांनी झकास समजावला आहे. आपण ‘जाऊ दे’ म्हणतो, तसंच ‘लेट हिम गो’, मध्ये काही नाही. परवानगी दिली म्हणायचं असेल तर ‘अलाउड हिम टू गो’. ‘हेल्प’ दोन्ही घेतो, तिथे डोकं शिणवू नये.

‘वॉन्ट’वर जास्त वेळ द्यायला हवा होता. ‘त्याने यावं असं मला वाटतं’ यात ‘-यला’ नाही, म्हणून ‘आय वॉन्ट दॅट ही शुड कम’ बाहेर पडतं. युक्ती सोपी आहे. काम ज्याने करायचं त्याला ‘वॉन्ट’नंतर लगेच बसवा, ‘ही’चा ‘हिम’ करा, मग ‘टू’ आणि मूळ क्रियापद: ‘आय वॉन्ट हिम टू कम’. भूतकाळ फक्त पहिल्या क्रियापदात. हे विसरलं की ‘टोल्ड हिम टू केम’ ही चूक होते.

‘नॉट’ची जागा वहीने एका ओळीत उरकली आहे, आणि पैसे बुडतात ते इथेच. ‘आय टोल्ड हिम नॉट टू साइन’ म्हणजे सही करू नको असं सांगितलं. ‘आय डिडन्ट टेल हिम टू साइन’ म्हणजे सही कर असं सांगितलंच नाही. माल परत आला की जबाबदारी कोणाची, हे या फरकावर ठरू शकतं.

आता खरी चूक. यादीत ‘सजेस्ट’ छापलाय. ‘ही सजेस्टेड मी टू बाय’ होत नाही. ‘सजेस्टेड दॅट आय बाय’ किंवा ‘अ‍ॅडव्हाइज्ड मी टू बाय’. ‘सेड मी टू कॉल’ही चूकच, कारण आपलं ‘सांगणं’ इंग्रजीत ‘से’ आणि ‘टेल’ असं दुभंगतं आणि हा साचा ‘टेल’कडे जातो. ‘होप’चंही तेच: ‘आय होप यू टू रिप्लाय’ नाही, ‘आय होप यू विल रिप्लाय’. त्याऐवजी ‘एक्स्पेक्ट’ टाकलात तर व्याकरण बरोबर होईल, पण बायरला ते हुकमासारखं वाटेल. तिथे ‘आय वुड लाइक यू टू’ बरं.

सरावाची 20 वाक्यं आहेत आणि सगळ्या रिकाम्या जागांचं उत्तर ‘टू’. न वाचताही पैकीच्या पैकी! निदान पाच ठिकाणी ‘मेक’, ‘लेट’ घालून जागा रिकामीच ठेवायला लावली असती तर काही कळलं असतं.

वही क्लासशिवायही मिळते. घेतलीत तर आधी ‘सजेस्ट’वर काट मारा, आणि शंका आलेलं प्रत्येक क्रियापद विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरीत काढून बघा, ‘समबडी टू डू समथिंग’ असं छापलेलं दिसलं तरच या साच्यात वापरा.