जुळ्यांची बाबागाडी, दारातली जाळी आणि दोनशेपानी वही : दहा महिन्यांचा अनुभव

आमच्या घरात सहा वर्षांचा थोरला, दहा महिन्यांच्या जुळ्या पोरी (घरातली नावं चिमी आणि बबी) आणि तांब्या नावाचा पाच वर्षांचा गावठी कुत्रा असे चौघं आहेत. नागपुरात सुभाषनगर मेट्रो स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर दुसऱ्या मजल्यावर राहतो. नवरा बुटीबोरीला कामाला, सकाळी सातला निघतो तो संध्याकाळी सातला येतो. सासूबाई काटोलहून बाळंतपणाला आल्या, त्या अजून आहेत, म्हणून मी एप्रिलपासून कामावर जाऊ शकले. रजेबद्दल बऱ्याच जणी विचारतात म्हणून सांगते. दुसऱ्या बाळंतपणात जुळं झालं तरी कायद्याने २६ आठवड्यांची रजा मिळते, कारण त्याआधी मूल एकच असतं. आधीच दोन मुलं असतील तर १२ आठवडे.

गेल्या ऑक्टोबरात पोरी झाल्या, ३५ व्या आठवड्यात. तेव्हापासून घरात खूप वस्तू आल्या, त्यातल्या निम्म्या माळ्यावर गेल्या. ज्या राहिल्या त्यांच्याबद्दल लिहिते आहे. घेताना आम्ही एकच प्रश्न विचारायचो, ‘दोघी मावतात का?’ डिसेंबरात एका सकाळी माझा प्रश्न बदलला. दोघी मांडीवर, एकीचं दूध चालू, दुसरी रडते आहे. थोरला बूट घालून समोर उभा राहिला, लेस सुटलेली. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग खाली बसून त्याने स्वतःच लेसची गाठ मारली, ती सुटली, पुन्हा मारली, आणि ‘येतो’ म्हणून आजीबरोबर खाली गेला. काही मागितलं नाही त्याने. त्या दिवसापासून वस्तू घेताना मी एवढंच बघते, की हिच्यामुळे माझा एक हात थोरल्यासाठी मोकळा होतो का.

आधी बाबागाडीचं सांगते, कारण पैसे सगळ्यात जास्त तिथेच गेले. पहिली गाडी शेजारी-शेजारी दोन सीटची घेतली. दिसायला छान, दोघींना एकमेकींचं तोंड दिसतं. घरी आणली आणि लिफ्टमध्ये शिरेना. टेप लावली तर गाडी साडेतीस इंच, लिफ्टचं दार अठ्ठावीस. दुकानदार परत घ्यायला तयार नव्हता. शेवटी बरीच रक्कम कापून त्याने गाडी परत घेतली. त्यामुळे जुळ्यांच्या आयांना माझं पहिलं सांगणं हे, की गाडी बघायला जाण्याआधी लिफ्टचं दार, घराचं दार आणि कारची डिक्की मोजून कागदावर लिहून न्या.

दुसरी गाडी एकामागे एक सीटची, जुनी, ७,५०० रुपयांना घेतली. जानेवारीपासून वापरतो आहोत. लिफ्टमध्ये आरामात जाते. हिची मागची सीट जवळजवळ सपाट होते, पुढची होत नाही, म्हणून मान नीट धरेपर्यंत दोघींना एकदम बसवता आलं नाही. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की पोरी पाच आठवडे आधी आल्यात, तेव्हा मान धरणं, पालथं पडणं, बसणं हे सगळं पाच आठवडे वजा करून बघा. ते ऐकलं म्हणून जीव भांड्यात पडला, नाहीतर शेजारच्या बाळाशी तुलना करून मी रोज झुरत होते. फेब्रुवारीअखेर दोघी एकदम बसल्या.

आमच्या भागात रस्ते सिमेंटचे आहेत. गुळगुळीत आहेत, त्यावर गाडी सुरेख पळते. पण सिमेंटचा रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच झालाय आणि कडेला ठोकळे बसवलेत, त्यांच्यामध्ये फटी आहेत. पुढचं लहान चाक त्या फटीत अडकतं. पहिल्यांदा अडकलं तेव्हा गाडी जागच्या जागी थांबली, पोरी पुढे झुकल्या. पट्टे लावलेले होते म्हणून काही झालं नाही. आता अशा जागी मी गाडी उलटी फिरवते आणि मोठी चाकं आधी चढवते. लहान चाकांची गाडी असेल तर पट्टे दहा पावलांसाठीसुद्धा लावा.

गाडीला पायाने दाबायचा ब्रेक आहे. तो थोरल्याकडे दिला. गाडी थांबली की तो दाबतो आणि ‘लागला’ म्हणतो, मी हलवून बघते, मग हात सोडते. या एका कामामुळे त्याचं फिरायला येणं पक्कं झालं. त्याआधी तो ‘मी घरीच थांबतो’ म्हणायचा.

तांब्याचा पट्टा गाडीला कधीही बांधू नका. मी एकदा बांधला होता. समोर डुकरं आली आणि तो झेपावला. नवरा बरोबर होता, त्याने गाडी धरली. आता सकाळी नवरा तांब्याला घेतो, मी गाडी ढकलते, थोरला मधे. मे महिन्यात तर आम्ही सव्वापाचला निघायचो. नागपूरचा मे सगळ्यांना माहीत आहे, पारा ४५ च्या वर. संध्याकाळी सातलासुद्धा सिमेंट तापलेलं असतं, कुत्र्याचे पंजे पोळतात. आपल्या हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद रस्त्यावर टेकवून बघायची. आपल्याला सोसवत नसेल तर त्यालाही नेऊ नये.

उन्हाळ्यात गाडीवर दुपटं टाकून सावली करणारे खूप दिसतात. मीही केली होती. आत हवा खेळत नाही, भट्टी होते. गाडीची टोपी उघडायची आणि उन्हाची वेळच टाळायची, हे बरं. एप्रिलमध्ये आणखी एक झालं. गाडी बाल्कनीत उभी होती, पट्ट्याची कडी तापली होती, चिमीच्या मांडीला लागली. छोटासा लाल डाग होता, दोन दिवसांत गेला, पण ती ज्या स्वरात रडली तो मला अजून ऐकू येतो. गाडी घरात ठेवा. सीटवर मलमलची घडी घाला, घाम टिपला जातो आणि धुता येते.

लसीकरणाला शंकरनगरच्या बाजूला जायचं असतं. रिक्षात ही गाडी मावत नाही. मेट्रोने मात्र फार सोय झाली. स्टेशनला लिफ्ट आहे, रुंद फाटक आहे, गाडी न मिटवता थेट डब्यात जाते. जुलैत नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस होती, तेव्हा मी, थोरला आणि गाडी असे तिघंच गेलो. तो खिडकीतून स्टेशनांची नावं वाचत होता आणि माझा हात त्याच्या पाठीवर होता. ७,५०० रुपये त्या दिवशी वसूल झाले.

दुसरी वस्तू जाळीचं फाटक. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये लावलं आहे. दाबून बसवायचं फाटक आमच्या ग्रॅनाइटच्या चौकटीवर घसरत होतं, म्हणून सुताराकडून स्क्रूने बसवून घेतलं. घेताना बघा की ते एका हाताने उघडतं का. आमचं अंगठ्याने दाबून वर उचललं की उघडतं, कडेवर पोरगी असली तरी जमतं. दुकानात दाखवलेल्या दुसऱ्या एका फाटकाला दोन हात लागत होते. माझ्याकडे दोन हात कधी असतात!

तांब्याला पहिले दोन आठवडे फाटक म्हणजे उडी मारायची जागा वाटली. मग समजलं त्याला. पोरी घरी यायच्या आदल्या दिवशी नवऱ्याने त्यांचं वापरलेलं दुपटं दवाखान्यातून आणून त्याला हुंगायला दिलं होतं. तरीही दोघी एकदम रडायला लागल्या की तो कोपऱ्यात जाऊन थरथरायचा. तीन दिवस जेवला नाही. थोरला त्याच्या शेजारी फरशीवर बसून राहिला, तेव्हा कुठे त्याने पोळी खाल्ली. सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या, ‘लहान लेकरं हायेत घरात, कुत्रं कायले पाह्यजे?’ एका नातेवाइकाने तर त्याला गावाकडे सोडून या असं सुचवलं. पाच वर्षं आमच्या पायाशी झोपलेल्या जिवाला असं सोडायचं, हे मला ऐकवलंही नाही. त्याची रेबीजची लस वेळेवर होते, दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, पावसाळ्यात रोज संध्याकाळी कान आणि बोटांच्या बेचक्या उघडून गोचिडी बघतो. आणि पोरींजवळ त्याला एकटं सोडत नाही, तो कितीही गुणी असला तरी.

गेल्या महिन्यात बबी रांगत फाटकापाशी गेली. तांब्या पलीकडे झोपला होता, नाक दोन गजांच्या मधे. तिने आधी नाकाकडे पाहिलं, मग गज धरला, मग दुसरा, गुडघे उचलले आणि उभी राहिली. पहिल्यांदा. पाय लटपटत होते, तांब्याची शेपटी फरशीवर आपटत होती. सासूबाई पोळ्या लाटायच्या थांबल्या. ‘उभी झाली वं माय!’ आता त्या रोज शेवटची पोळी त्याच्यासाठी तुपाचं बोट लावून ठेवतात.

तिसरी वस्तू सगळ्यात स्वस्त, दोनशेपानी वही. पेन दोरीने बांधलेलं. उभे दोन रकाने, एक चिमीचा, एक बबीचा. दूध किती वाजता, अंगावरचं की वाटी-चमच्याने, किती मिली, शी-शू, आणि डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब. मोबाइलवरचं अॅप आठ दिवस वापरलं, पण ते फक्त माझ्या फोनवर. सासूबाईंना, मालिशवाल्या मावशींना, नवऱ्याला दिसत नाही. वही सगळ्यांना दिसते.

पोरी दिसायला अगदी एकसारख्या. चिमीच्या उजव्या पायात काळा दोरा, बबीच्या डाव्या. नोव्हेंबरात एकदा अंघोळीनंतर दोरे ओले झाले म्हणून काढले आणि परत बांधताना कोणाच्या पायात कोणता, याचा घोळ झाला. त्या रात्री एकीलाच थेंब दोनदा गेले आणि दुसरी राहिली. सकाळी वहीतल्या नोंदी जुळेनात तेव्हा कळलं. घाबरून डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शांतपणे समजावलं, एकदाच्या जास्तीने घाबरायचं कारण नाही, पुढचे थेंब कधी द्यायचे तेही सांगितलं. प्रश्न राहिला की चिमी कोणती. थोरला दात घासत आला आणि म्हणाला, ‘ही चिमी. हिच्या कानामागे तीळ आहे, तुला माहीत नाही का?’ मला खरंच माहीत नव्हतं. त्याने दोघींना इतकं जवळून पाहिलं होतं, आणि मला वाटत होतं तो त्यांच्याकडे बघतच नाही. त्याच दिवशी वहीत तिसरा रकाना आखला, थोरल्याच्या नावाने. त्यात रोज एक ओळ: आज त्याच्याबरोबर काय केलं. काही दिवस ती ओळ रिकामी आहे. रिकामी दिसली की दुसऱ्या दिवशी मी आधी त्याच्याकडे जाते.

बाकी वस्तू पटकन सांगते. कापडी लंगोट दिवसा आणि डायपर रात्री हे आमचं गणित. पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत, तेव्हा तीन डझनसुद्धा कमी पडतात. राईची उशी आली होती, वापरली नाही. पाठीवर, कडक गादीवर, उशीशिवाय झोपवा असं डॉक्टरांनी बजावलं होतं. झोळी एकीची असते, दोघींना एकात घालायचा मोह टाळा. दूध पाजायची मोठी उशी पहिले चार महिने देवासारखी धावली, मग पोरी तिच्यावरून घसरायला लागल्या.

कूलरबद्दल मात्र थोडं. आमच्याकडे खिडकीचा कूलर. वारा थेट पोरींवर येऊ नये म्हणून गादी बाजूच्या भिंतीला घेतली. टाकी दर आठवड्याला पूर्ण रिकामी करून घासायची, डासांसाठी. सहा महिन्यांपर्यंत कितीही ऊन असलं तरी वरचं पाणी द्यायचं नव्हतं, दूधच जास्त वेळा पाजलं. पाहुणे येऊन ‘घसा सुकला असंल पोरींचा’ म्हणायचे, ते ऐकून घ्यावं लागतं. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की कूलर कामाचा राहत नाही, नुसती चिकचिक. तेव्हा पंखा आणि ओल्या कापडाने अंग पुसणं, एवढंच.

आता पोळा जवळ आलाय. थोरल्याने तान्ह्या पोळ्यासाठी मागच्या वर्षीचा लाकडी बैल माळ्यावरून काढला, शिंगांना सोनेरी रंग दिला. त्याला बैल गाडीला जुंपायचाय, म्हणजे दोघी बहिणी बैलगाडीत बसल्यासारख्या दिसतील. दोरी पुढच्या चाकाच्या दांड्याला बांधू नको, फिरताना गुंडाळली जाईल, असं मी सांगितलं. मग आम्ही दोघांनी फरशीवर बसून बैल गाडीपुढे ठेवून पाहिला आणि दोरी पायदानाच्या नळीला बांधायची ठरवली. गाठ त्याने मारली, पक्की. मग उठून ब्रेक दाबला आणि म्हणाला, ‘लागला.’